ओळखीच्या गावात निरोध कसा मागावा? : वाचकांचे प्रश्न, समुपदेशकाची उत्तरे

मार्चच्या अंकात एका वाचकाने, पुरुषाला पुरुषापासून एचआयव्हीची लागण होते का, असे विचारले होते. जागा कमी होती, म्हणून “होते, तेव्हा निरोध वापरावा” एवढेच लिहून मी पुढच्या पत्राकडे वळले होते. त्या एका ओळीवर विदर्भातल्या खेड्यांतून आलेली पत्रे वाचल्यावर माझे उत्तर बरोबर असूनही कुचकामी होते, हे मला मान्य करावे लागते. निरोध म्हणजे काय, असे एकाही पत्रात विचारलेले नाही. तो कोणाच्या दुकानातून आणायचा, समोरच्याला कसे सांगायचे, घरी सापडला तर काय उत्तर द्यायचे आणि चाचणीच्या रांगेत गावातला माणूस भेटला तर तोंड कुठे लपवायचे, हे विचारले आहे. सरकारी समुपदेशन केंद्रात एकोणीस वर्षे काम करताना हेच प्रश्न मी समोरासमोर ऐकले. माहिती नव्हती म्हणून लागण झालेला तरुण मला क्वचित भेटला. बोलायला कोणी नव्हते म्हणून लागण झालेले पुष्कळ भेटले. म्हणून या वेळी सगळी जागा चार पत्रांना दिली आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढून टाकले आहेत.

अशी पत्रे कौटुंबिक मासिकात छापावीत का, असे आमच्या संपादक मंडळात एकाने विचारले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या, आणि त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. पण आज नव्वद वर्षांनी आपण पुन्हा तोच प्रश्न विचारावा, हे मला पटले नाही.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा असून यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आमच्या गावात औषधाचे एकच दुकान आहे आणि ते माझ्या आईच्या चुलतभावाचे आहे. माझे लग्न झालेले नाही. मी निरोध मागितला तर दिवेलागणीच्या आत घरी कळेल. मोबाइलवरच्या ॲपवरून ओळख झालेल्या एका मित्राला मी महिन्या-दोन महिन्यांनी अमरावतीला भेटतो. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे, नोकरीत आहे, खोलीचे भाडेही तोच देतो. एकदा मी निरोधाचे नाव काढले तेव्हा तो म्हणाला, “माझ्यावर विश्वास नाही का? का तूच काही घेऊन आला आहेस?” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझे चुकते हे मला समजते. मग समजूनही मी असा का वागतो?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. खोलीचे भाडे कोण देतो, हे मी न विचारता तुम्ही मला सांगितले आहे. जागा, वेळ, पैसा, वय आणि शहराची माहिती या पाचही गोष्टी ज्याच्या हातात आहेत, त्याच्यासमोर सहाव्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. नव्या सुनेला नवऱ्यापुढे निरोधाचा विषय काढता येत नाही, हे आपण सहज समजून घेतो; तुम्ही पुरुष आहात, म्हणून तुम्हाला ते जमलेच पाहिजे, असे मात्र तुम्ही स्वतःच धरून चालला आहात.

त्यात लपवाछपवीची भर पडते. ज्याला महिन्यातून चार तास मिळतात, ज्याला शेवटच्या एसटीने घरी परतायचे असते आणि ज्याला खरेपणाने ओळखणारा जगात हा एकच माणूस आहे, त्याला ते चार तास बिघडू द्यायचे नसतात. आजार होईल किंवा होणार नाही, झालाच तर पुढे केव्हातरी दिसेल. हा माणूस रुसून गेला तर आजच जाईल. असा हिशोब तुमचे मन तुम्हाला न विचारता करते. तो हिशोब चुकीचा आहे. पण तो करणारा माणूस बेफिकीर आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच्याजवळ गमावण्यासारखे फार थोडे आहे आणि ते त्याला टिकवायचे आहे. तुमचा हा एकटेपणा थोडा जरी कमी झाला, म्हणजे तुम्हाला ओळखणारा दुसरा एखादा मित्र असला, तर त्या खोलीत तुमचा आवाज आपोआप वाढेल.

आता ‘विश्वास’ या शब्दाकडे येऊ. एचआयव्हीची लागण झालेला माणूस अनेक वर्षे ठणठणीत दिसू शकतो आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही ती माहीत नसते. तुमचा मित्र खोटे बोलतो, असे मी सुचवत नाही. त्याने शेवटची चाचणी कधी केली आणि त्यानंतर तो आणखी कोणाला भेटला, एवढेच त्याला विचारा. या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे न देता जो विश्वासाची गोष्ट काढतो, त्याला उत्तर द्यायचे नसते. शिवाय त्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग अधिक घातक आहे. निरोध मागणारालाच रोगी ठरवण्याची ही रीत मी शेकडो वेळा ऐकली आहे, आणि तिच्यामुळेच दोघेही गप्प बसतात.

धोका किती, तेही स्पष्ट सांगते. गुदमार्गाच्या आतले अस्तर फार पातळ असते आणि घर्षणाने त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात. जोडीदाराला लागण असेल आणि तो उपचार घेत नसेल, तर निरोधाशिवाय अशा १०,००० संबंधांमागे घेणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या गुदमार्गात संबंध होतो त्याला, लागण होण्याचे प्रमाण सुमारे १३८ धरले जाते. योनिमार्गाच्या संबंधात स्त्रीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ८ आहे. हे अंतर शरीराच्या रचनेमुळे पडते, कोणाच्या चारित्र्यामुळे नाही. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण हजारात दोनच्या आसपास असताना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते शंभरात तीनच्या आसपास आढळते. त्यामागे हे शरीराचे कारण आहे आणि ओळखीचे वर्तुळ लहान असल्याने एकाची लागण त्याच वर्तुळात फिरत राहते, हे दुसरे.

पुढच्या वेळी खोलीत शिरल्यावर विषय काढू नका. भेट ठरवतानाच फोनवर लिहा : “मी प्रत्येक वेळी वापरतो, सोबत घेऊन येतो.” यात त्याच्यावर आरोप नाही, तुमची सवय तेवढी सांगितलेली आहे. तो त्यावर भेट रद्द करणार असेल, तर ते घरी बसून कळलेले बरे. निरोध सरकारी रुग्णालयातल्या चाचणी केंद्रात मोफत मिळतो आणि तिथे लग्न झाले आहे का, असे विचारण्याचा कोणाला अधिकार नाही. अमरावतीच्या बसस्थानकाजवळच्या मेडिकलमध्ये तुमचे मामा बसत नाहीत, हाही उपाय आहेच. मात्र विकत घेतलेले पाकीट मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा पँटच्या मागच्या खिशात महिनाभर ठेवू नका; आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि त्या उष्णतेने रबर खराब होते. खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा स्वयंपाकाचे कोणतेही तेल लावल्यास ते काही मिनिटांतच कमजोर होऊन फाटू शकते, म्हणून पाण्यावर आधारित जेलच वापरावे. हे जेल ग्रामीण भागात सहजी मिळत नाही, अशी तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकते आणि ती खरी आहे. शहरात गेलात की दोन नळ्या एकदमच आणा.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा शेतकरी असून वाशिम जिल्ह्यात राहतो. मला पत्नी व दोन मुली आहेत. लग्नाच्या आधीपासून माझे एका मित्राशी संबंध आहेत आणि वर्षातून काही वेळा महामार्गावरच्या ढाब्याजवळ इतर पुरुषांशीही येतात. मी त्यातला नाही. मी नेहमी पुरुषाच्याच जागी असतो, त्यामुळे मला काही होणार नाही, असे मित्र म्हणतो. तरीही भीती वाटते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासणारा मुलगा आमच्याच गावचा आहे. पत्नीचे दुसऱ्या मुलीनंतर ऑपरेशन झालेले आहे, त्यामुळे घरी निरोध वापरण्याचे कारण सांगता येत नाही. मी काय करावे?

उत्तर : ‘मी त्यातला नाही’ या वाक्यावर मी वाद घालणार नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारे कितीतरी पुरुष स्वतःला समलिंगी म्हणवत नाहीत. आपल्याकडे घेणाऱ्याला कोती आणि करणाऱ्याला पंथी म्हणण्याची बोली आहे आणि तीत पंथी हा ‘खरा पुरुष’ मानला जातो. विषाणूला ही बोली समजत नाही. निरोधाशिवाय करणाऱ्याचा धोका घेणाऱ्यापेक्षा कमी असतो, १०,००० संबंधांमागे सुमारे ११. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तुमच्या पत्रातला हिशोब कित्येक वर्षांचा आहे. ‘पुरुषाच्या जागी’ असल्याचा अभिमान हेच निरोध न वापरण्याचे एक मोठे कारण ठरते, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे. ज्याला बायल्या म्हणून हिणवायचे त्याला रोग, आणि आपण सुरक्षित, अशी ती वाटणी असते.

चाचणीसाठी आपल्याच तालुक्यात जायला हवे, असा कोणताही नियम नाही. अकोल्याला, नागपूरला किंवा वर्ध्याला, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही तिथल्या सरकारी रुग्णालयात जा आणि एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र विचारा. सगळे त्याला आयसीटीसीच म्हणतात. चाचणी मोफत असते आणि तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही. निष्कर्ष बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि तो आधी समुपदेशक तुम्हाला एकट्याला सांगतो. एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला असून, त्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे ही रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी आहे. नुकत्याच आलेल्या संबंधातून झालेली लागण चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून आज निष्कर्ष निर्दोष आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा जा. त्याच खेपेस गुप्तरोगाची, म्हणजे सिफिलिसची, तपासणीही मागून घ्या; तिच्यासाठी जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असते.

कायदा आहे म्हणून सगळीकडे तो पाळला जातो, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात लागण झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण करत असत. एका तरुणाचा तो कागद बाहेरच्या बाकावर त्याच्याच गावच्या माणसाने पाहिला. तो मुलगा पुन्हा आला नाही, आणि त्याच्याबरोबर येणारे दोन मित्रही आले नाहीत. एका लाल खुणेने तीन माणसे उपचारापासून दूर गेली. म्हणूनच, लांबच्या केंद्रात जा असे सांगताना मला संकोच वाटत नाही. एसटीचे भाडे लागेल, पण चाचणी होईल.

आता तुमच्या पत्नीविषयी. इथे मी तिची बाजू घेणार आहे आणि तुम्हाला ते आवडले नाही तरी चालेल. तिला या सगळ्यातले काहीच माहीत नाही, निवड करण्याची संधी तिला मिळालेली नाही, आणि तिचे ऑपरेशन झालेले असल्याने तिला निरोध मागण्याचे कारणही उरलेले नाही. विदर्भातल्या असंख्य घरांत कुटुंबनियोजन बाईच्या शस्त्रक्रियेने संपते आणि निरोध त्याच दिवशी घराबाहेर जातो. तुमच्या चाचणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत तिच्याशी निरोधाशिवाय संबंध ठेवू नका. मूत्रमार्गाला संसर्ग झाला आहे, डॉक्टरांनी काही महिने निरोध सांगितला आहे, असे म्हणून अनेक पुरुष वेळ निभावून नेतात. हे अर्धसत्य आहे, याची मला जाणीव आहे. पण तिला लागण होण्यापेक्षा ते बरे. त्यापुढचे, म्हणजे तिला पूर्ण सांगायचे की नाही आणि कसे, हे समुपदेशकासमोर बसून ठरवा. निष्कर्षात लागण दिसली तर तिची चाचणी टाळता येणार नाही, आणि लागण माहीत असलेल्याने ती दुसऱ्याला होऊ नये म्हणून काळजी घेतलीच पाहिजे, असे हाच कायदा सांगतो.

लागण निघाली तरी आयुष्य संपत नाही. आपल्या देशात २०१७ पासून, रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी किती उरल्या याची वाट न पाहता, लागण निघालेल्या प्रत्येकाला एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रातून, मोफत औषध सुरू केले जाते. ते रोज नियमाने घेतले तर विषाणूचे प्रमाण इतके खाली येते की तपासणीत तो सापडत नाही, आणि अशा माणसाकडून संबंधांतून लागण होत नाही. युरोपात एकाला लागण असलेली आणि दुसऱ्याला नसलेली ७८२ समलिंगी जोडपी अभ्यासली होती. लागण असलेले सगळे औषधावर होते आणि निरोध न वापरताही त्यांच्यापैकी एकाच्याही जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाली नाही. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याला लागण झाली त्याच्याजवळ बसू नये, असे अजून म्हणणाऱ्या आपल्या पारावरच्या मंडळींना हे कोणी तरी सांगायला हवे.

प्रश्न : एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी निघाली आहे, असे वाचले. ती घेतली तर निरोध लागत नाही का? (एक विद्यार्थी, गोंदिया)

उत्तर : अशी गोळी आहे, तिला प्रेप म्हणतात, आणि ती नियमाने घेतली तर एचआयव्हीपासून फार चांगले संरक्षण मिळते. भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०२२ मध्ये तिच्या वापराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मात्र सुरू करण्यापूर्वी लागण नाही याची खात्री करावी लागते, मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी लागते, म्हणून मित्राच्या डबीतली गोळी घेऊ नका. सिफिलिस, परमा अशा इतर रोगांपासून ती वाचवत नाही. त्यासाठी निरोध लागतोच. निरोध फाटला किंवा वापरलाच गेला नाही, तर ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, जिल्हा रुग्णालय गाठा आणि पेप विचारा. लागण होऊ नये म्हणून अशा संबंधानंतर घ्यायचे ते २८ दिवसांचे औषध आहे. तिसऱ्या दिवसानंतर त्याचा उपयोग नाही, तेव्हा सोमवारची वाट पाहत बसू नका. कुठे जायचे हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. नाव सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातला असून दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या लोकनाट्यात, स्त्रीपात्र करतो. आमच्या भागातली माझ्यासारखी दहा-बारा मुले माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. त्यांच्यातल्या एकाला लागण झाल्याचे कळल्यावर बाकीच्यांनी त्याला टाकले. मला त्यांच्यासाठी काही करायचे आहे. मी फक्त नववीपर्यंत शिकलो आहे. माझ्यासारख्याच्या बोलण्याने फरक पडतो का? यात पोलीस त्रास देतील का? पडद्यामागे निरोधाचा डबा ठेवला तर चालेल का?

उत्तर : या महिन्यातले हे पत्र मी दोनदा वाचले. रात्री दंडारीत तुमच्या लुगड्याला टाळ्या वाजवणारे गाव सकाळी पानठेल्यावर तुमचीच नक्कल करते, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण झाडीपट्टीत राहिलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. याच कारणाने ती मुले तुमच्याकडे येतात. डॉक्टरकडे पदवी असते, तुमच्याकडे त्या मुलांचा विश्वास आहे.

त्याचा उपयोग होतो का, हे प्रत्यक्ष तपासून पाहिलेले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी नावाचे लहान शहर आहे. जेफ्री केली या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या समलिंगी पुरुषांच्या बैठकीच्या ठिकाणी सर्वांचे लाडके कोण, कोणाचे ऐकले जाते, हे आधी शोधले आणि अशा निवडक माणसांना, मित्रांशी गप्पा मारता मारता ‘मी वापरतो, तूही वापर’ हे कसे सांगावे, एवढेच शिकवले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दोन महिन्यांच्या काळात निरोधाशिवाय गुदसंबंध ठेवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून २८ टक्क्यांच्या जवळ आले. भिंतीवरच्या फलकांनी जे झाले नव्हते, ते मित्राच्या तोंडून ऐकल्यावर झाले, कारण ‘आपल्यात सगळे वापरतात’ असे वाटू लागले की न वापरणारा वेगळा पडतो. पुढे लंडन आणि ग्लासगो इथे अशाच धर्तीवर प्रयत्न झाले, तेव्हा मात्र असा परिणाम दिसला नाही. मोठ्या शहरातल्या व्यायामशाळेत किंवा दारूच्या गुत्त्यात अनोळखी माणसाने येऊन सांगणे आणि लहान गावात जिवलगाने सांगणे यांत फरक पडत असावा, असे माझे मत आहे. तुमची दहा-बारा मुले या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

मुळात सुरक्षित संबंधांची ही कल्पनाच अशा माणसांकडून आली. १९८३ साली, विषाणूला एचआयव्ही हे नावही मिळालेले नसताना, न्यूयॉर्कमधल्या दोन समलिंगी तरुणांनी एका डॉक्टरच्या मदतीने पुस्तिका लिहिली आणि संबंध सोडू नका, निरोध वापरा, असे आपल्या मित्रांना सांगितले. त्यांचे मित्र मरत होते आणि सरकारकडून कोणी येत नव्हते.

तुम्ही काय बोलाल, त्यापेक्षा कसे बोलाल याला महत्त्व आहे. आकडे सांगू नका, घाबरवू नका. भीती दाखवली की मुले चाचणी टाळतात. हाडांच्या सापळ्याची चित्रे असलेले जुने फलक आमच्याच खात्याने लावले होते आणि त्यांनी आजारापेक्षा आजाऱ्याची भीती जास्त पसरवली. तुम्ही स्वतः चाचणी करून या आणि रांग कुठे लागते, सुई किती दुखते, समुपदेशक काय विचारते, हे गप्पांत सांगा. त्यातल्या दोघांना पुढच्या खेपेस बरोबर घेऊन जा.

आणि ज्या मुलाला टाकले आहे, त्याच्याजवळ सर्वांसमोर बसा, त्याच्या ताटातली भाकर खा. एकत्र जेवल्याने लागण होत नाही, हे त्या मुलांना ठाऊक आहे. त्यांना भीती आहे ती त्याच्याबरोबर आपलेही नाव जोडले जाईल याची. त्याला टाकलेले पाहून उरलेल्या प्रत्येकाने मनाशी ठरवले असेल की आपण चाचणी करायची नाही आणि निरोधही मागायचा नाही, कारण मागितला की ‘यालाही झाला’ असे म्हणतील. तुमच्या गटातला सर्वांत मोठा धोका आज हाच आहे, त्या मुलाच्या रक्तातला विषाणू नाही. तो औषध नियमाने घेत असेल आणि तपासणीत विषाणू सापडत नसेल, तर त्याच्याकडून कोणाला लागण होणार नाही. त्याला औषध वेळेवर घेता यावे, यासाठी कोणी तरी सोबत लागते.

पोलिसांची तुमची भीती निराधार नाही. २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना निरोध आणि माहितीपत्रके वाटण्याच्या कामावरूनच अटक झाली होती आणि दीड महिना तुरुंगात काढावा लागला होता. त्या वेळी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते. हे कलम लोकांना लपायला लावते आणि आमच्या कामात अडथळा आणते, असे खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना त्या कलमातून वगळले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. निरोध वाटणे हा गुन्हा नाही. तरीही एकट्याने करू नका. जिल्हा रुग्णालयात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाचे कार्यालय असते, त्याला तिथे सगळे डापकू म्हणतात. तिथे जाऊन आपले काम सांगा, निरोध त्यांच्याकडूनच घ्या आणि तुमच्या तालुक्यात लिंक वर्कर, म्हणजे खेड्यांत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणारा कार्यकर्ता, आहे का ते विचारा. नागपूरला सारथी ट्रस्ट ही संस्था याच समाजात काम करते. एखादे दिवशी तिथे जाऊन, ही माणसे कशी बोलतात ते नुसते ऐकून या. तुमच्यासारखे काम करणाऱ्याला सरकारी योजनेत पीअर म्हणतात आणि त्यासाठी नववीच्या पुढचे शिक्षण लागत नाही. गटात १८ वर्षांखालची मुले असतील तर त्यांच्याविषयी मात्र आधी समुपदेशकाशी बोला. त्यांच्यासाठी कायदा वेगळा आहे.

डबा ठेवला तर चालेल. रंगपेटीजवळ ठेवा, म्हणजे तिथे हात गेला तरी कोणाला संशय येणार नाही. सामानाच्या गाडीत उन्हात ठेवू नका. दिवाळीनंतर दंडारी सुरू होतील, त्याआधीच पुरेसे निरोध मागून घ्या. आणि कोणी किती नेले हे मोजू नका, कोणाला विचारूही नका. डबा रिकामा दिसला की भरून ठेवा.